नागानोला न गेलेला विजेता

ऑलिम्पिकला कोण गेलं आणि किती पदकं आणली, याच्या बातम्या मी आजवर भरपूर लावल्यात. आज उलटी गोष्ट सांगतो. जगातला पहिल्या नंबरचा खेळाडू. वय २३. खेळ ऐन भरात. त्याच्या खेळाला इतिहासात पहिल्यांदाच ऑलिम्पिकमध्ये जागा मिळाली. आणि हा पठ्ठ्या गेलाच नाही.

नाव तेरये होकोन्सेन, देश नॉर्वे, खेळ स्नोबोर्डिंग. पोस्ट मोठी आहे, पण वाचा. बर्फ आपला नसला तरी प्रश्न आपल्या चांगल्याच ओळखीचा आहे.

आधी खेळ समजून घेऊ. स्कीमध्ये दोन पायांना दोन लांब पट्ट्या असतात. स्नोबोर्डमध्ये एकच रुंद फळी, दोन्ही पाय तिला बांधलेले, आणि खेळाडू आडवा उभा राहून उतारावरून येतो. या खेळाचा जन्म कुठल्या क्रीडा मंडळाच्या बैठकीत झालेला नाही. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या इंजिनिअरने आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या. बायकोने त्या खेळण्याला नाव दिलं, स्नर्फर. पुढे १९७७ साली जेक बर्टन कार्पेंटर या तरुणाने व्हरमाँट राज्यात अशा फळ्या बनवायची कंपनी काढली. तीच आजची बर्टन कंपनी.

गंमत म्हणजे स्कीवाल्यांना ही पोरं डोळ्यांसमोर नको होती. १९८० च्या सुमारास अमेरिकेतल्या बहुतेक स्की-केंद्रांवर स्नोबोर्डला बंदी होती. ढगळ कपडे, आरडाओरडा, शिस्त नाही, ही तक्रार. मग या पोरांनी आपल्या स्पर्धा आपणच भरवल्या, नियम आपणच केले, आणि १९९० साली आपली जागतिक संघटनाही उभी केली, इंटरनॅशनल स्नोबोर्ड फेडरेशन. घर त्यांनी स्वतः बांधलं होतं, हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावर आहे.

तेरये १९७४ चा. नॉर्वेच्या टेलेमार्क भागात वाढला. हा भाग म्हणजे स्कीचं माहेरघर. आधुनिक स्कीचा जनक मानला जाणारा सोंद्रे नोरहाइम याच भागातला. अशा मुलखात या पोराने स्की सोडून फळी धरली. पंधरा-सोळा वर्षांचा असताना बर्टन कंपनीने त्याला आपल्याकडे घेतलं. हाफपाइप हा त्याचा हुकमी प्रकार. आपल्या कौलारू घराची पन्हाळ आठवा. तशीच प्रचंड मोठी पन्हाळ बर्फात कोरायची, एका भिंतीवरून वर उडून हवेत गिरक्या घ्यायच्या, पुन्हा उतरून समोरच्या भिंतीवर जायचं. १९९३, १९९५ आणि १९९७, तिन्ही वेळा त्या संघटनेचं हाफपाइपचं जागतिक अजिंक्यपद त्याचंच. अमेरिकेतली मानाची यूएस ओपनही त्याने तीनदा मारली. एका उलट्या गिरकीला तर त्याचं नावच पडलं, होकोन फ्लिप.

इथवर चॅम्पियनची नेहमीची गोष्ट. आता वळण.

नव्वदच्या दशकाच्या मध्यात ऑलिम्पिक समितीच्या लक्षात आलं की तरुण मुलं टीव्हीवर हा खेळ बघतात. टीव्ही म्हणजे पैसा. १९९८ च्या जपानमधल्या नागानो हिवाळी ऑलिम्पिकच्या प्रक्षेपणासाठी अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीने ३७.५ कोटी डॉलर मोजले होते. तेव्हा स्नोबोर्डला प्रवेश मिळाला. पण कारभार कुणाकडे? ज्यांनी खेळ वाढवला त्या खेळाडूंच्या संघटनेकडे नाही. तो गेला १९२४ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय स्की महासंघाकडे. म्हणजे काल ज्यांनी दारात उभं केलं नाही, तेच आज सातबाऱ्यावर मालक म्हणून लागले.

तेरयेचा आक्षेप हाच होता. खेळाडूंना न विचारता हा सौदा झाला, असं त्याचं म्हणणं. ऑलिम्पिक समितीच्या पुढाऱ्यांची त्याने जाहीरपणे माफियाशी तुलना केली. आणि नागानोला गेला नाही.

१२ फेब्रुवारी १९९८ ला भर पावसात हाफपाइपची स्पर्धा झाली. स्वित्झर्लंडच्या जियान सिमेनने सुवर्ण जिंकलं. रौप्य गेलं डॅनिएल फ्रांकला, आणि तोही नॉर्वेचाच. म्हणजे तेरये नव्हता म्हणून ऑलिम्पिक थांबलं नाही. बहिष्काराबद्दल बोलताना ही बाजू आपण नेहमी गाळतो.

त्याच नागानोत आणखी एक प्रकरण झालं. कॅनडाचा रॉस रेबाग्लियाटी स्नोबोर्डचा पहिला ऑलिम्पिक विजेता ठरला. तपासणीत गांजाचा अंश सापडला, प्रति मिलिलिटर १७.८ नॅनोग्रॅम. पदक काढून घेतलं. त्याने क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि पदक परत मिळालं. कारण? गांजाच्या तपासणीबाबत ऑलिम्पिक समिती आणि स्की महासंघ यांच्यात नीट करारच झालेला नव्हता. खेळ ताब्यात घेण्याची घाई झाली, कागद जुळवायचे राहून गेले.

आता माफिया या शब्दाकडे येऊ. नागानोनंतर दहा महिन्यांनी, डिसेंबर १९९८ मध्ये, सॉल्ट लेक सिटीचं प्रकरण फुटलं. २००२ चं यजमानपद मिळावं म्हणून ऑलिम्पिक समितीच्या सदस्यांना भेटी, पैसे, नातेवाइकांना शिष्यवृत्त्या असं बरंच काही पोचवलं गेलं होतं. काहींनी राजीनामे दिले, सहा सदस्यांना मार्च १९९९ मध्ये काढून टाकलं. नागानोने यजमानपद मिळवताना केलेल्या खर्चाच्या वह्याही नष्ट केल्याचं जगासमोर आलं. तेवीस वर्षांच्या पोराची भाषा उद्धट होती, पण अगदीच हवेत नव्हती.

आणि हे सॉल्ट लेकचं बिंग जाहीरपणे फोडलं कुणी? मार्क हॉडलर यांनी. स्वित्झर्लंडचे हे गृहस्थ ऑलिम्पिक समितीचे जुने सदस्य. आणि १९५१ पासून १९९८ पर्यंत त्याच स्की महासंघाचे अध्यक्ष! ज्यांच्या कारकिर्दीत स्नोबोर्ड महासंघाकडे गेलं, तेच आतून उठून बोलले. म्हणून मला ही गोष्ट नायक-खलनायकाची वाटत नाही. आतला माणूस खरं बोलू शकतो आणि बाहेरच्याचंही काही चुकू शकतं.

तेरयेचंही सगळं जमून आलं असं नाही. एक तर न जाणं त्याला परवडणारं होतं. पाठीशी बर्टनचा करार होता, नाव जगभर झालं होतं. ज्या खेळाडूचं पुढचं आयुष्य एका पदकावर ठरणार, त्याने नागानोला जाऊ नये असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? दुसरं, खेळाडूंची ती संघटना टिकली नाही. ऑलिम्पिकचा रस्ता स्की महासंघातून जाणार म्हटल्यावर पैसा आणि खेळाडू तिकडे वळले, आणि २००२ मध्ये ती बंद पडली.

पण तो नुसता रुसून बसला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्याने नॉर्वेत आर्क्टिक चॅलेंज ही स्पर्धा उभी केली. सोबतीला कोण, तर नागानोला जाऊन रौप्य आणलेला तोच डॅनिएल फ्रांक! एक गेला, एक राहिला, तरी मैत्री आणि काम दोन्ही टिकलं. मैदान कसं असावं हे तिथे खेळाडू ठरवायचे. २००७ साली ओस्लोमधल्या याच स्पर्धेत बर्फाच्या उभ्या भिंतीवरून उडून तेरये ९.८ मीटर उंच गेला. तेव्हाचा तो विश्वविक्रम. वय ३२.

पुढे तोच प्रश्न त्याच्या देशासमोर आला. २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी ओस्लो शर्यतीत होतं. ऑलिम्पिक समितीच्या मागण्यांची यादी नॉर्वेच्या वृत्तपत्रांनी छापली. राजेसाहेबांची भेट आणि मेजवानी हवी, खर्च राजवाड्याने नाहीतर आयोजकांनी करावा, असाही त्यात मजकूर होता. लोक भडकले. सरकारने पैशाची हमी नाकारली आणि १ ऑक्टोबर २०१४ ला ओस्लोने माघार घेतली. स्पर्धा बीजिंगला गेली.

आपलाही एक धागा आहे. भारतीय ऑलिम्पिक संघटना निलंबित असल्यामुळे फेब्रुवारी २०१४ मध्ये सोचीच्या उद्घाटनात आपले तीन खेळाडू तिरंग्याऐवजी ऑलिम्पिकच्या झेंड्याखाली चालले. काही दिवसांनी निलंबन उठलं, पण उद्घाटनाचं संचलन काही पुन्हा होत नसतं. भांडण पदाधिकाऱ्यांचं आणि किंमत मोजली खेळाडूंनी.

तालुक्याच्या गावात बातमीदारी करताना मी सोसायट्या, बाजार समित्या, क्रीडा मंडळं बघत आलोय. राबणारे एकीकडे असतात आणि शिक्का भलत्याच्याच कपाटात असतो. संस्था नकोच असं मी म्हणत नाही. संस्थेशिवाय मैदान नाही, पंच नाही, विमा नाही. पण ज्यांच्या जिवावर संस्था चालते त्यांना मत किती, हे विचारायलाच हवं. तेरयेने ते विचारलं, आणि तेही स्वतः शिखरावर असताना. पदकांच्या यादीत त्याचं नाव नाही. स्नोबोर्डवाल्या पोरांना विचारून बघा, सिमेनआधी नाव तेरयेचंच निघेल.

तुमच्या गावच्या क्रीडा मंडळावर खेळलेली माणसं किती आहेत? एकदा मोजा आणि खाली लिहा.