काचेवर न छापलेलं स्टेशन

आमच्या सावंतवाडीच्या घरात मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ माजघरातल्या उंच फळीवर असे. ठाण्याच्या कारखान्यात तयार झालेला. छताखाली तांब्याच्या जाळीची एरियल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली, आणि अर्थची तार खिडकीतून परसात उतरून माडाच्या आळ्यात पुरलेली. उन्हाळ्यात त्या जागी तांब्याभर पाणी ओतायचं काम माझं. माती ओली झाली की खरखर कमी होते, असं आबा, म्हणजे माझे आजोबा, सांगत, आणि ती खरंच कमी व्हायची.

बटण फिरवायचा मान मात्र आबांचा. रेडिओ लावला की व्हॉल्व्ह तापेपर्यंत काहीच ऐकू येत नसे. काचेमागचा दिवा लागे, आतून बारीक गुणगुण सुरू होई, आणि मग आबा डोळे मिटून रेडिओचा कान पिळायला लागत. काटा सरकताना दिसायचाही नाही, इतका हळू. खरखर, मग शीळ, मग कुठल्याशा अनोळखी भाषेतली बाई, पुन्हा खरखर, आणि एकदम कुणीतरी अगदी शेजारी बसून बोलावं तसा आवाज. आबा हात काढून घेत, पण लगेच नाही. बोटं बटणावर क्षणभर तशीच ठेवून मग अलगद उचलत. "आवाज लागला म्हणून हात झटकायचा नाही गो," ते मला सांगत, "तो बसेपर्यंत थांबायचं."

या थांबण्याचं कारण मला बाजारातल्या रेडिओवाल्या काकांनी दाखवलं. डायलचा दोरा तुटला म्हणून रेडिओ त्यांच्याकडे नेला होता. त्यांनी मागचा पुठ्ठा काढला आणि आतली गँग दाखवली. अॅल्युमिनियमच्या पातळ, अर्धचंद्राकृती पाकळ्यांचे दोन थर, एक जागचा न हलणारा आणि दुसरा आसावर फिरणारा. बटण फिरलं की दोरा ओढला जातो, दोऱ्याबरोबर काटा सरकतो, आणि त्याच दोऱ्यानं फिरणाऱ्या पाकळ्या स्थिर पाकळ्यांच्या फटींत शिरतात किंवा बाहेर येतात. जितक्या आत शिरतील तितकी खालची फ्रिक्वेन्सी, जितक्या बाहेर येतील तितकी वरची. पाकळ्या एकमेकींना कुठेही चिकटत नाहीत, मधे नुसती हवा असते. त्या हवेच्या फटीतून लंडन आणि कोलंबो वेगळे होतात, हे ऐकून मी कितीतरी वेळ त्या पाकळ्यांकडे बघत बसले होते.

पुढे मोठी झाल्यावर मी हिशेब मांडला. आमच्या रेडिओचा शॉर्टवेव्हचा पट्टा ६ ते १८ मेगाहर्ट्झचा आणि काच सहा इंचांची. शॉर्टवेव्हवरची प्रसारण केंद्रं एकमेकांपासून ५ किलोहर्ट्झच्या अंतरानं बसवलेली असतात. म्हणजे सहा इंचांत २४०० जागा आणि एका मिलिमीटरमध्ये जवळजवळ १६. आबांची बोटं एका मिलिमीटरच्या सोळाव्या भागावर थांबत होती, आणि तेही डोळे मिटून.

आबांना हे बोट गिरगावातल्या चाळीनं दिलं होतं. तरुणपणी ते मुंबईत कारकुनी करत. ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे पुढारी तुरुंगात गेले, आणि वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप लागलं. त्याच महिन्याच्या अखेरीस हवेत एक नवा आवाज आला. हे काँग्रेस रेडिओ आहे, ४२.३४ मीटरवरून, हिंदुस्थानातूनच कुठून तरी बोलतो आहे, अशा अर्थाची घोषणा व्हायची. बोलणाऱ्यांत २२ वर्षांच्या उषा मेहता होत्या. पोलीस मागावर असल्यामुळे ट्रान्समीटर मुंबईतल्या मुंबईत घरं बदलत असे. विदर्भातल्या आष्टी-चिमूरला काय अत्याचार झाले, हे छापायची सोय नव्हती. ते या रेडिओनं सांगितलं.

चाळीत एकाच बिऱ्हाडात रेडिओ होता. त्याच्या काचेवर मीटरचे ठरावीक पट्टे तेवढे छापलेले होते. ४१ होता, ४९ होता. आबांची कामगिरी अशी की ४१ च्या जरासं पलीकडे, जिथे काचेवर काहीच लिहिलेलं नाही, तिथे तो आवाज शोधून द्यायचा. रेडिओचे मालक वयस्कर होते आणि त्यांचा हात थरथरायचा. "चार-पाच जण दार लावून बसायचे," आबा सांगत. "आवाज एवढा बारीक ठेवायचा, की कान स्पीकरच्या कापडाला लावावा लागे. कधी लागायचा, कधी नाही. नाही लागला तर कुणी कुणाकडे बघत नसे. पकडले गेले की काय, हेच मनात." १२ नोव्हेंबर १९४२ ला खरंच पकडले गेले. गिरगावातल्याच पारेख वाडीत पोलिसांनी धाड घातली. त्यानंतरही आठवडाभर आबा रोज रात्री ती कोरी जागा चाचपत राहिले. उषाबेनना पुढे चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्या येरवड्याच्या तुरुंगात गेल्या. काँग्रेस रेडिओ तीन महिनेही चालला नाही, पण आबांच्या बोटांना त्यानं जन्मभराची सवय लावली.

दुसरी गोष्ट धाकट्या आजोबांची. ते बांद्याला, गोव्याच्या हद्दीला लागून राहत. २५ नोव्हेंबर १९५५ पासून त्यांच्या रेडिओवर आणखी एक चोरटं केंद्र लागायला लागलं. गोव्याच्या मुक्तीसाठी कोंकणी आणि पोर्तुगीजमधून बोलणारं. ते चालवत होते वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो, आणि जागा होती आमच्याच आंबोलीचं रान. ट्रकमध्ये ट्रान्समीटर बसवलेला. आंबोलीचा पाऊस ज्यानं पाहिला आहे, त्यालाच कळेल की त्या धुक्यात आणि ओलीत एखादं यंत्र कोरडं ठेवणं म्हणजे काय. पुढे केंद्र कॅसलरॉकला गेलं आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत बोलत राहिलं. मुक्तीच्या दिवशी त्या दोघांनी विमानात बसून लाउडस्पीकरवरून गोवेकरांना ती बातमी सांगितली.

धाकटे आजोबा सांगत की पलीकडून येणारे पाहुणे जेवायला म्हणून येत आणि जेवण होईपर्यंत रेडिओशेजारून उठत नसत. एकानं एकदा विचारलं, "हें खंय लागता?" आजोबांनी उत्तर दिलं नाही. त्याचं बोट धरून बटणावर ठेवलं आणि फिरवून दाखवलं. किती आकड्यावर हे सांगता आलं असतं, पण सांगितलेला आकडा माणूस कुठेतरी लिहून ठेवतो आणि लिहिलेला आकडा झडतीत सापडतो. बोटाला कळलेली जागा सापडत नाही. हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे.

तिसरी गोष्ट आत्याची, आणि ती सगळी आनंदाची. १९५२ मध्ये माहिती आणि प्रसारण खातं बा. वि. केसकरांकडे गेलं. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ दिसेनाशी झाली. मग लोकांनी काटा कोलंबोकडे फिरवला. रेडिओ सिलोनकडे दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या सैन्यासाठी बसवलेला जबरदस्त शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सायानी मुंबईत बोलत, त्या टेप कोलंबोला जात, आणि मुंबईचा आवाज समुद्रावरून आमच्या माजघरात परत येई. बुधवारी रात्री आठ वाजता.

आत्या शाळेतून आली की चौकशी करायची, आज सिलोन "साफ" आहे का. कारण सिलोनचा आवाज आभाळाच्या लहरीवर असायचा. जमिनीपासून शंभर-दोनशे किलोमीटर आणि त्याहून वर विद्युतभारित हवेचे थर आहेत. शॉर्टवेव्हच्या लहरी त्यांवरून परत फिरून खाली येतात. दिवसा उन्हामुळे सर्वांत खालचा थर दाट होतो आणि कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी गिळून टाकतो. रात्री तो विरतो. हे शास्त्र घरात कुणाला ठाऊक नव्हतं, पण "दिवसा पंचवीस, रात्री एकेचाळीस" हा मीटरचा मंत्र आत्याला पाठ होता.

तिला आणखी एक गोष्ट ठाऊक होती. सिलोन आमच्या रेडिओवर दोनदा लागायचं. एकदा खऱ्या जागी, आणि एकदा बोटभर अलीकडे, जरा अशक्त. ती त्याला सिलोनची सावली म्हणायची. बाहेर वीज कडाडत असली, की कधी कधी मूळ जागेपेक्षा ती सावलीच बरी ऐकू येते, असं तिचं म्हणणं. रेडिओवाल्या काकांनी मला त्याचा उलगडा सांगितला. आपला रेडिओ आलेली लहर आतल्या आत ४५५ किलोहर्ट्झवर उतरवून घेतो, आणि त्या उतरवण्यात त्याच्या दुपटीनं, म्हणजे ९१० किलोहर्ट्झनं दूर असलेलं स्टेशनही चोरपावलांनी आत शिरतं. आमच्या काचेवर ९१० किलोहर्ट्झ म्हणजे साडेअकरा मिलिमीटर. आत्याचं बोटभर अगदी बरोबर होतं.

आता माझ्या टेबलावर मुलानं आणून दिलेला डिजिटल शॉर्टवेव्ह रेडिओ आहे. तळहाताएवढा. त्याच्याबद्दल खोटं बोलणार नाही, तो फार गुणी आहे. मर्फी तापत गेला की स्टेशन हळूहळू सरकायचं आणि दर दहा मिनिटांनी उठून कान पिळावा लागायचा. हा क्वार्ट्झच्या स्फटिकाला बांधलेला आहे आणि जागचा हलत नाही. सिलोनची सावली याच्यावर पडत नाही. आकडे दाबले की केंद्र लागतं, आणि आवडीची केंद्रं लक्षात ठेवायला शेकडो कप्पे आहेत. ज्याला कुठे जायचं ते माहीत आहे, त्याला याच्यासारखा सोबती नाही.

पण जायचं कुठे हे माहीत नसलं की अडचण सुरू होते. याचं बटण फिरवलं की आकडा पाच-पाचनं उडी मारतो, आणि प्रत्येक उडीच्या वेळी रेडिओ निमिषभर गप्प होतो. आवाज येतो, गप्प, आवाज येतो, गप्प. आबांच्या हाताखाली आभाळ सलग होतं. जवळ येणारं स्टेशन आधी कुजबुजायचं, मग बोलायचं, मग दूर जायचं, आणि त्या जवळ-दूर होण्यावरून बोटाला दिशा कळायची. आपोआप शोधायची कळ दाबली तर यंत्र फक्त दमदार स्टेशनांवर थांबतं आणि क्षीण आवाज ओलांडून पुढे जातं. आबांना नेमके तेच हवे होते.

एका रात्री मी ४२.३४ मीटरचे किलोहर्ट्झ काढले. ७०८१ येतात. ते आकडे दाबले. क्षणात रेडिओ तिथे पोहोचला, दार लावणं नाही, कापडाला कान लावणं नाही. आज ती जागा हौशी रेडिओवाल्यांच्या पट्ट्यात आहे. दोन माणसांचं चिरकं, अनाकलनीय बोलणं ऐकू आलं. मी बराच वेळ ऐकत बसले. पत्ता माझ्याकडे आबांमुळे होता. १९४२ च्या सप्टेंबरात, तो पत्ता कुणी सांगितलेला नसताना, हा गुणी रेडिओ मला तिथे घेऊन गेला नसता. त्यासाठी कोऱ्या काचेवरून हळूहळू जाणारा हात लागतो, आणि ज्याचं नाव माहीत नाही त्याच्यासाठी थांबण्याची तयारी लागते. गोल बटणाच्या रेडिओनं दोन पिढ्यांना ही तयारी शिकवली, म्हणून तो मला मोलाचा वाटतो.

त्या आभाळातली गर्दी आता ओसरते आहे. ३१ जानेवारी २०२० ला बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्हवरचं प्रसारण थांबलं. ज्यांच्या बोटांना त्या जागा ठाऊक आहेत, ती माणसंही थकली आहेत. आबा गेले, धाकटे आजोबा गेले. आत्या आहे. गेल्या दिवाळीत मी मर्फी दुरुस्त करून आणला आणि तिच्यासमोर ठेवला. तिला आता नीट दिसत नाही. तिनं काच चाचपली, बटण शोधलं, डोळे मिटले आणि काटा सरळ पंचवीस मीटरवर नेला. मग बोटभर अलीकडे आणला.

तुमच्या घरी माळ्यावर असा रेडिओ असेल तर तो भंगारात देऊ नका. जुने कंडेन्सर कोरडे पडलेले असतात, म्हणून थेट प्लगमध्येही घालू नका; आधी जाणत्या माणसाला दाखवा. आणि तो दुरुस्त होईपर्यंत घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या, की रात्री दार लावून ते काय ऐकत होते, आणि ते काचेवर नेमकं कुठे लागायचं. आकडा आठवत नसेल तर बटण त्यांच्या हातात द्या.