एका गोळीची कुळकथा

जिल्हा कागदोपत्री अहिल्यानगर झाला, एसटीत बसणाऱ्याच्या तोंडी अजून नगरच आहे. जिल्हा रुग्णालयही सगळ्यांचं ‘सिव्हिल’. तिथल्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, टेबलावर प्लास्टिकची डबी उपडी होते, समुपदेशक उरलेल्या गोळ्या मोजतात. हिशोबापेक्षा जास्त उरल्या की विचारणा होते, कुठले दिवस चुकले?

ही गोळी टीएलडी. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधं एकात. कुळातला मूळ पुरुष मात्र वेगळाच, एझेडटी. अमेरिकेत जेरोम हॉर्विट्झ यांनी 1964 साली ते कर्करोगासाठी बनवलं, तिथे ते नापास झालं आणि अडगळीत गेलं. 1987 मध्ये तेच एचआयव्हीवरचं पहिलं मान्यताप्राप्त औषध ठरलं. पण एकट्या औषधाला विषाणू सरावतो. 1996 च्या सुमारास तीन औषधं एकत्र दिली, तेव्हा मरणाची वाट पाहणारे कामावर परतू लागले.

टेनोफोव्हिर आणि लॅमिव्ह्युडिन या खोट्या विटा. विषाणू स्वतःची नक्कल रचताना त्या उचलतो आणि बांधकाम थांबतं. डोल्युटेग्रॅव्हिर विषाणूचा धागा पेशीच्या जनुकांत शिवू देत नाही. आधीच शिवला गेलेला धागा मात्र उसवत नाही, म्हणून गोळी जन्मभर.

नगरमध्ये डॉ. गिरीश कुलकर्णी यांनी देहविक्रयातल्या बायकांच्या मुलांसाठी 1989 साली ‘स्नेहालय’ सुरू केलं, तेव्हा यातलं काहीच इथल्या माणसाच्या आवाक्यात नव्हतं. पुढेही तीन औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर. 2001 साली मुंबईच्या सिप्लानं तो 350 डॉलरवर आणला. भारताच्या 1970 च्या कायद्यात औषधाच्या कृतीला पेटंट होतं, औषधाला नव्हतं, म्हणून हे जमलं. माझ्या मते या कुळातली सगळ्यात मोठी करामत रसायनाची नाही, किमतीची.

1 एप्रिल 2004 पासून सरकारी रुग्णालयांत औषध मोफत झालं. पहिल्या आठ रुग्णालयांत मुंबईचं जेजे होतं, म्हणजे नगरपासून अडीचशे किलोमीटर. त्यातही प्रतिकारशक्तीच्या सीडी4 पेशी 200 च्या खाली गेल्याशिवाय सहसा औषध नाही. आधी खचा, मग या! तेव्हाच्या स्टॅव्ह्युडिन या औषधानं जीव वाचवला, पण कित्येकांचे गाल बसले आणि न सांगता गावाला कळलं. 2017 पासून निदान झालं की लगेच औषध, पेशी कितीही असोत.

नियमित गोळीनं रक्तातला विषाणू मोजण्यापलीकडे उतरला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदरपणी औषध सुरू असेल आणि बाळालाही वेळेवर मिळालं, तर बाळाला लागणीचा धोका अगदी थोडा उरतो.

पण डबीपर्यंत पोचायला आधी तपासणी हवी. आयसीटीसी या सरकारी तपासणी केंद्रात ती मोफत होते. एका चाचणीवर कुणाला बाधित ठरवत नाहीत, तीन वेगवेगळ्या चाचण्या जुळाव्या लागतात. लागण ताजी असेल तर अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करायची. संमतीशिवाय तपासायला आणि नाव फोडायला 2017 च्या कायद्यानं मनाई आहे. मनात शंका असेल तर सिव्हिलला जाऊन या. त्याआधी नुसतं विचारायचं असेल, तर 1097 वर फोन फुकट लागतो.