माथेरानची मिनी ट्रेन बंद पडली की काय होतं?

माथेरानच्या मिनी ट्रेनचे रील्स तुम्ही पाहिलेच असतील. पर्यटकांसाठी ती मजा असली, तरी इथल्या लोकांचं पोट बऱ्याच अंशी तिच्यावर चालतं. ते कसं, समजून घेऊया.

गाव कसं वसलं?

रायगड जिल्ह्यातलं माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट इथे आले आणि पुढे हे थंड हवेचं ठिकाण म्हणून नावारूपाला आलं.

रेल्वे कोणी बांधली?

मुंबईचे उद्योजक सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा उभा केला आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी काम तडीस नेलं. सुमारे १६ लाख रुपये खर्चून १९०७ मध्ये नेरळ-माथेरान मार्ग सुरू झाला. सुमारे २१ किलोमीटरच्या या मार्गाच्या दोन रुळांमधलं अंतर जेमतेम दोन फूट आहे.

गाड्यांना बंदी का?

माथेरानला २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा दर्जा मिळाला. तुमची गाडी दस्तुरी नाक्यावरच थांबते. पुढे चालत, घोड्यावर किंवा अमन लॉज स्टेशनवरून शटल ट्रेननं जाता येतं.

ट्रेन बंद पडली की?

२००५ च्या अतिवृष्टीत रूळ वाहून गेले आणि ट्रेन २००७ पर्यंत बंद राहिली. २०१६ मध्ये डबे घसरल्यानं ती पुन्हा थांबली. २०१९ च्या पावसानंतर नेरळपासूनची सेवा थेट २०२२ मध्ये सुरू झाली. अशा काळात गावात येण्याचा स्वस्त पर्याय कमी होतो. पर्यटक घटले की हॉटेलवाल्यांपासून चिक्की विकणाऱ्यांपर्यंत सगळ्यांनाच फटका बसतो. आजारी आणि वयस्कर माणसांचे हाल तर वेगळेच.

आता काय बदलतंय?

माणसानं माणसाला ओढण्याची प्रथा सहा महिन्यांत थांबवा, असा आदेश सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. हातरिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचं पुनर्वसन करायलाही सांगितलं. घोडेवाल्यांना मात्र ई-रिक्षांमुळे आपला धंदा बसेल अशी भीती वाटते.

गाड्या नाहीत म्हणून माथेरानची हवा स्वच्छ आहे. पण त्या स्वच्छ हवेची किंमत आजवर हातरिक्षा ओढणाऱ्यांनी चुकवली आहे.

जाण्याआधी लक्षात ठेवा: पावसाळ्यात नेरळहून सुटणारी ट्रेन बंद असते, तेव्हा शक्यतो फक्त अमन लॉज-माथेरान शटल धावते.