मतं मोजली जातील... पण मोजणार कोण?

मागे एकदा कामात एक स्पेसिफिकेशन वाचत होतो. त्यात वाक्य होतं, 'चुकीच्या नोंदी तपासल्या जातील.' सगळ्यांनी माना डोलावल्या. तीन महिन्यांनी खरंच चुकीच्या नोंदी आल्या, तेव्हा लक्षात आलं की त्या कोणी तपासायच्या हे लिहिलेलंच नाही! मग काय, दोन टीम्सची जुंपली.

अगदी अश्याच एका वाक्यावरून एक अख्खा देश अडकला होता.

७ नोव्हेंबर १८७६. अमेरिकेची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक. डेमोक्रॅटिक पक्षाचे सॅम्युअल टिल्डन विरुद्ध रिपब्लिकन पक्षाचे रदरफर्ड हेस. टिल्डनना देशभरात सुमारे अडीच लाख मतं जास्त पडली. पण तिकडे निकाल ठरतो तो राज्यांच्या इलेक्टोरल मतांवर. एकूण मतं ३६९, जिंकायला हवीत १८५. टिल्डनकडे होती १८४ आणि हेसकडे १६५. उरलेली २० वादात : लुइझियाना ८, साउथ कॅरोलायना ७, फ्लोरिडा ४ आणि ओरेगॉनचं १. म्हणजे टिल्डनना फक्त एक हवं होतं, आणि हेसना वीसच्या वीस!

ओरेगॉनचं भांडण तांत्रिक होतं. दक्षिणेतल्या तीन राज्यांत मात्र प्रकार भयंकर होता. वंशावरून मताधिकार नाकारता येणार नाही अशी घटनादुरुस्ती १८७० मध्ये झाली होती. कृष्णवर्णीय मतदार बहुतेक रिपब्लिकनांच्या बाजूचे. त्यांनी मतदानाला फिरकू नये म्हणून धमक्या, मारहाण, खूनसुद्धा झाले. उलट मतमोजणीची मंडळं रिपब्लिकनांच्या हातात. त्यांनी डेमोक्रॅट्सची मतं बाद केली. शेवटी या राज्यांतून निकालाचे दोन-दोन संच वॉशिंग्टनला पोचले.

आता खरा कोणता? राज्यघटना उघडून बघा. सिनेटचे अध्यक्ष दोन्ही सभागृहांसमोर पाकिटं उघडतील, आणि मग मतं मोजली जातील. मोजली जातील! कोणी मोजायची? सिनेटचे अध्यक्ष रिपब्लिकन, तर प्रतिनिधीगृहात बहुमत डेमोक्रॅट्सचं. आता बोला.

जानेवारी १८७७ मध्ये तोडगा म्हणून १५ जणांचा आयोग नेमला. ५ सिनेटर, ५ प्रतिनिधी, ५ न्यायमूर्ती. दोन्ही पक्षांचे सात-सात, आणि पंधरावे डेव्हिड डेव्हिस हे तटस्थ न्यायमूर्ती असतील असा हिशोब. पण ऐनवेळी इलिनॉयच्या विधिमंडळाने डेव्हिसना सिनेटवर निवडलं! त्यांच्या जागी आले रिपब्लिकन जोसेफ ब्रॅडली. मग काय, प्रत्येक वादाचा निकाल ८ विरुद्ध ७. वीसही मतं हेसना. अंतिम आकडे १८५-१८४, जाहीर झाले २ मार्चच्या पहाटे.

दरम्यान पडद्यामागे बोलणी चालू होती. नक्की काय ठरलं यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण एप्रिलमध्ये हेसनी साउथ कॅरोलायना आणि लुइझियानाच्या राजधान्यांतून सैन्याचं संरक्षण काढून घेतलं, आणि तिथली शेवटची रिपब्लिकन सरकारं कोसळली. पुढे दक्षिणेत कृष्णवर्णीयांचा मताधिकार पद्धतशीरपणे हिरावला गेला. तो खऱ्या अर्थाने परत मिळायला १९६५चा कायदा यावा लागला. बोलण्यांपैकी एक बैठक झाली ते वर्मली हॉटेल जेम्स वर्मली या कृष्णवर्णीय गृहस्थांच्या मालकीचं होतं. काय म्हणावं याला!

आणि हे वाचताना मला आठवले महात्मा फुले. अमेरिकेत गुलामगिरी संपवणाऱ्या लोकांना त्यांनी आपलं 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केलं ते १८७३ मध्ये. इकडे पुण्यात त्या लढ्याकडे आशेने बघणारं कोणी होतं, आणि तिकडे चारच वर्षांत त्याच लोकांना वाऱ्यावर सोडलं गेलं.

त्या मोघम वाक्यावर १८८७ मध्ये कायदा केला, तोही किचकटच निघाला. ६ जानेवारी २०२१च्या गोंधळानंतर, २०२२ मध्ये, उपराष्ट्राध्यक्षांचं काम फक्त औपचारिक आहे असं स्पष्ट लिहिलं गेलं. बग सापडून दुरुस्त व्हायला १४५ वर्षं.

असो. आमच्या त्या स्पेकच्या गोंधळात फक्त एक शनिवार-रविवार गेला. १८७७च्या गोंधळाची किंमत मात्र आयोगावरच्या पंधरा जणांपैकी एकालाही मोजावी लागली नाही. ती मोजली, ज्यांना त्या खोलीत खुर्चीच नव्हती त्यांनी.