संथाऱ्यातली परतीची वाट

आनंद गांधींच्या ‘शिप ऑफ थिसिअस’ (2012) या चित्रपटातला मैत्रेय हा साधू यकृताच्या आजाराने खंगतो, प्राण्यांवर चाचण्या झालेली औषधे नाकारतो, अन्न सोडतो आणि अगदी शेवटी उपचाराला तयार होतो. नीरज कबींनी उभा केलेला हा साधू काल्पनिक पंथाचा आहे. पण त्यामागचा संथारा, म्हणजे अन्नत्यागाने मरण स्वीकारण्याचे जैन व्रत, ओळखायला मुंबईतल्या घाटकोपर-मुलुंडच्या जैन प्रेक्षकाला वेळ लागत नाही. ही माघार म्हणजे दिग्दर्शकाने आधुनिक मनाला दिलेली सवलत, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. व्रत कुठे संपते आणि हट्ट कुठे सुरू होतो, हे परंपरेनेच ठरवून ठेवले होते. त्यात उपास किती दिवसांचा यापेक्षा ‘नाही’ म्हणणारा कोणी समोर आहे का, याला महत्त्व होते.

श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर सुमारे इ.स. 600 पासूनचे सल्लेखनेचे, म्हणजे संथाऱ्याचेच, शिलालेख आहेत. व्रत कधी घ्यावे हे जैन आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त सांगितले: उपाय न उरलेले संकट, दुष्काळ, म्हातारपण, असाध्य रोग. मरणाची ओढ हाही तिथे दोषच आहे, जगण्याच्या लालसेइतकाच. आणि कथा अशी की, खुद्द समंतभद्रांना भस्मक (अनावर भुकेचा) रोग जडला तेव्हा त्यांनी मागितलेली सल्लेखना गुरूंनी नाकारली. मुनिवेष उतरवून आधी बरा हो, म्हणाले. दंतकथाच ही, पण ती जपणाऱ्यांना माघारीची लाज वाटत नव्हती. बेळगाव भागातल्या भोजचे आचार्य शांतिसागर यांनी 1955 साली कुंथलगिरीवर 36 दिवसांच्या सल्लेखनेनंतर 18 सप्टेंबरला देह ठेवला. कारण होते अधू झालेली दृष्टी. पायाखालचा जीव दिसेना, तर अहिंसेचे व्रत पाळायचे कसे? कारण पटो न पटो, ते व्रताच्या आतूनच आले होते.

10 ऑगस्ट 2015 रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथाऱ्याला आत्महत्या ठरवले. 31 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. संथारा म्हणजे सतीच, ही विरोधकांची तुलना मला ओढूनताणून केलेली वाटते. चितेवरून परत येता येत नाही. मात्र दुसरा, भोवतालच्या दबावाचा आक्षेप खरा आहे. उपनगरातल्या फ्लॅटमध्ये म्हाताऱ्या आजींनी पच्चक्खाण (अन्नत्यागाची प्रतिज्ञा) घेतले की दर्शनाला रांग लागते, स्तवने सुरू होतात, आज कितवा दिवस याची चर्चा होते. इतक्या अनुमोदनानंतर पेलाभर पाणी मागायचे कोणत्या तोंडाने? 2016 साली हैदराबादेत 13 वर्षांच्या मुलीचा 68 दिवसांच्या उपासानंतर मृत्यू झाला. तो संथारा नव्हता, पण कौतुकाची जात तीच. म्हणून बंदी घालावी, असेही मला वाटत नाही. फौजदारी गुन्हा ठरला तर रांग जाईल, दार लागेल, आणि पोलिसांच्या धास्तीने घरचे लोक सर्वात आधी डॉक्टरलाच टाळतील.