जप्तीतून सुटलेली वाकळ

आजच्या भागात ना किल्ला आहे, ना लढाई. आजचा विषय तुमच्याच घरात आहे, बहुतेक माळ्यावर किंवा दिवाणाच्या खणात कोंबलेला. गोधडी. आमच्या शिरूर-दौंडकडं गोधडीही म्हणतात आणि वाकळही. कुठं चौघडी म्हणतात, कुठं लेपटं.

निमित्त सणासुदीचं आहे. दिवाळी आली की फोनवर जाहिराती सुरू होतात: हँडमेड पॅचवर्क टेबल रनर, क्विल्टेड टेबल मॅट, सहाचा सेट, गिफ्ट बॉक्ससकट. डिसेंबरात त्याच वस्तू ख्रिसमसच्या लाल-हिरव्या रंगात येतात. फोटो झूम करून बघा. चौकोनी तुकडे आणि त्यावरून एकामागे एक पळणाऱ्या टाक्यांच्या ओळी. हा आपला धावदोरा. जी वस्तू आपण पाहुणे आले की लपवायचो, ती आता पाहुण्यांसमोर टेबलावर अंथरायची झाली आहे. हे कसं झालं, आणि त्यात शिवणाऱ्या बाईच्या हाताला काय लागलं, ते आज बघू.

जमीन जाईल, अंथरूण नाही

सुरुवात एका कायद्यापासून. १९०८ चा दिवाणी प्रक्रिया संहितेचा कायदा, कलम ६०. कर्ज फिटलं नाही आणि कोर्टाचा हुकूमनामा झाला, तर कर्जदाराचं काय काय जप्त करता येतं, ते या कलमात आहे. जमीन, घर, पैसा, माल, सगळं. आणि मग काय जप्त करता येत नाही, त्याची यादी आहे. त्या यादीत पहिल्याच ओळीत कर्जदाराचे, त्याच्या बायकोचे आणि मुलांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, आणि अंथरूण-पांघरूण. हे कलम आजही लागू आहे.

म्हणजे शेतकऱ्याचं शेत जाऊ शकत होतं, पण त्याच्या बायकोनं शिवलेली वाकळ नाही.

आपल्या भागात याला वेगळं वजन आहे. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावात सावकारानं एका देशमुखाच्या मालमत्तेवर हुकूमनामा आणला, आणि गावानं सावकारांवर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ ला सुप्याला बाजारच्या दिवशी लोक सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. सुपे आज बारामती तालुक्यात आहे, तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होतं. आजच्या दौंडचाही मोठा भाग त्याच भीमथडीतला. शाळेच्या पुस्तकात ‘दख्खनचे दंगे’ म्हणून जे दोन परिच्छेद असतात, ते हे. लोकांना हवे होते कर्जरोखे. ते मिळाले की जाळले. पुढं १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

आता यात कापड कुठं आलं? सावकार बऱ्याचदा दुकानदारही असायचा. पैसे त्याच्याकडूनच, धान्य त्याच्याकडूनच, आणि कापडही त्याच्याकडूनच, उधारीवर. अंगावरचं लुगडंच वहीत लिहिलेलं असेल, तर ते फाटलं म्हणून कोण फेकेल? आधी ते नेसायचं. विरलं की दोन लुगड्यांचे धड भाग जोडून दंड घालायचा, म्हणजे एक नेसतं लुगडं तयार. तेही गेलं की बाळाची दुपटी. आणि सगळ्यात शेवटी वाकळ. उधारीवर आलेली वस्तू इथं येईपर्यंत पूर्ण घरची झालेली असायची. बाजारात तिला किंमत शून्य, आणि थंडीत तिच्याशिवाय निभाव नाही.

रूळ आले, कापड आलं

पुण्याहून पुढं सोलापूरच्या दिशेनं रेल्वे १८५८ च्या सुमारास निघाली आणि दौंडावरून गेली. इंग्रज त्याला ‘धोंड’ लिहायचे. १८७८ मध्ये धोंड-मनमाड लाईन सुरू झाली आणि दौंड जंक्शन झालं. याच काळात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहत होत्या. पहिल्या गिरणीची कंपनी १८५४ ची, कावसजी दावर यांची. हातमागाच्या जाड कापडाबरोबर आता गिरणीचं पातळ, स्वस्त कापड गावोगाव पोचायला लागलं. मऊ सुती कापड जितकं जुनं, तितकं वाकळेला चांगलं. सुई अडत नाही आणि अंगाला टोचत नाही.

पण स्वस्त म्हणजे मुबलक नव्हे. दुसऱ्या महायुद्धात कापड लष्कराकडं वळलं, भाव चढले, आणि १९४३ मध्ये सरकारनं कापड आणि सुतावर नियंत्रण आणलं. जुनी माणसं याला ‘कंट्रोल’ म्हणतात.

कंट्रोल मला पुस्तकात नाही, वाकळेतच भेटला. शिरूर तालुक्यातल्या आमच्या घरी आजीची एक जाडजूड वाकळ धुताना कडेला उसवली. वरचा थर नायलॉनच्या साडीचा. त्याखाली सुती नऊवारी. त्याखाली धोतराचे तुकडे, कुणाच्या तरी शाळेच्या खाकी चड्डीचा कपडा. आणि मधोमध एक आख्खी दुसरी वाकळ, पातळ, रंग उडालेली, पण टाके शाबूत.

आजी म्हणाली, “आरं बाळा, आतली आत्याबाईंची हाय. कंट्रोल व्हता तवा. टाकून कोण दील?”

आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई. म्हणजे बघा, बाहेरून आत गेलं की साधारण चाळीस वर्षं मागं जाता येतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले ‘पॅच’ हा शब्द दिवसातून दहा वेळा वापरतो. तो शब्द खरोखरच्या ठिगळावरून आला. पूर्वी प्रोग्रॅम कागदी पट्टीवर किंवा कार्डांवर भोकं पाडून लिहायचे, आणि चूक सुधारायची तर त्यावर तुकडा चिकटवायचे. फरक इतकाच की आम्ही नवीन व्हर्जन आलं की जुनं पुसून टाकतो. आजीनं जुनं आत ठेवून वर नवीन शिवलं.

चाळीस हजार टाके

वाकळ बनते कशी? खाली एक आख्खं लुगडं अंथरायचं, सुरकुती काढायची, कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. त्यावर आतले तुकडे, पत्ते मांडल्यासारखे, कुठं फट राहणार नाही असे. त्यावर वरचं कापड. मग लांब लांब कच्चे टाके, थर सरकू नयेत म्हणून. आणि मग कडेपासून धावदोरा. दोन-तीन बाया वेगवेगळ्या बाजूंनी बसतात. पूर्वी दोराही काही वेळा जुन्या काठातूनच उसवून काढायचा. सुया आणि दाभण दारावर विकायला यायचे.

मी जरा हिशेब केला. वाकळ पाच फूट बाय सात फूट धरा. दोन ओळींत अर्धा इंच अंतर, म्हणजे १२० ओळी. प्रत्येक ओळ ८४ इंचांची, इंचाला चार टाके. एकूण ४०,३२० टाके. एका टाक्याला फक्त एक सेकंद धरला तरी अकरा तासांच्या वर. यात मांडणी नाही, दोरा ओवणं नाही, आणि जाड थरातून सुई ओढताना दुखणारा अंगठा तर नाहीच नाही.

हे काम दुपारी, घरचं आणि शेतातलं आवरल्यावर व्हायचं, म्हणून त्याला काम कधी म्हटलंच नाही. काही गावांत दुसऱ्यांच्या वाकळा शिवून देणाऱ्या बाया होत्या, त्यांना धान्य किंवा थोडे पैसे मिळायचे. बाकी घरोघरी सगळं फुकट.

सणाशी वाकळेचा संबंध आधीपासून आहे, फक्त तो टेबलाचा नव्हता. घटस्थापनेच्या आधी घर सारवायचं, झाडायचं, आणि घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं नदीवर न्यायची. भीमेच्या आणि घोडनदीच्या काठावर या दिवसांत वाकळा वाळत घातलेल्या दिसायच्या. ओली वाकळ एका माणसाला उचलत नाही. दोघींनी दोन टोकांना धरून पिळायची. तेव्हाच कळायचं कुठली उसवली, कुठली विरली. मग दिवाळीनंतरच्या थंडीच्या आत ठिगळं पडायची.

शिवण म्हणजे कमाई

शिवणाला काम मानायचं, हा विचार आपल्याच दौंड तालुक्यात फार आधी झाला होता, केडगावला. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार बाया आणि मुली आणल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातल्या मुलीही आल्या. तिथं लिहा-वाचायला शिकवत, आणि सोबत शिवण, विणकाम, छपाई, शेती. नवरा नाही, माहेर नाही, अशा बाईला हातातल्या कसबावर पोट भरता यावं, हा हेतू. घरात जे कर्तव्य होतं, तेच इथं धंदा म्हणून शिकवलं जात होतं.

वाकळ मात्र त्या वाटेनं गेली नाही. पॉलिस्टर आलं. ते लवकर फाटत नाही, घाम शोषत नाही, त्यावर सुई घसरते. सोलापुरी चादर आली, मग ब्लँकेट आलं. जुन्या साड्या बोहारणीकडं जाऊन भांडी घरात आली. वाकळ ऊसतोड कामगारांच्या गाडीवरच्या बोचक्यात राहिली आणि आमच्या माळ्यावर गेली.

आता ती टेबल रनर होऊन परत आली आहे. आपल्याकडं जेवायला पाट आणि ताट होतं, टेबल नव्हतंच, त्यामुळं ही वस्तू नवीन आहे. कापडही बदललं. जुन्या लुगड्याऐवजी कोरं कॉटन किंवा शिवणकामातली चिंधी. बचत गटाच्या बाया हे शिवतात. पुण्यात डिसेंबरात भीमथडी जत्रा भरते, तिथं बचत गटांचे स्टॉल असतात. त्या जत्रेचं नाव म्हणजे आपल्या जुन्या तालुक्याचंच नाव.

मला यात वाईट काही दिसत नाही. बाईला फुकट काम करायला लावणारी परंपरा जपण्यापेक्षा तिला पैसे देणारा टेबल रनर बरा. पण पैसे कुणाला मिळतात, हा प्रश्न उरतोच.

अमेरिकेत अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामीतून सुटलेल्यांच्या वंशातल्या काळ्या बायका तिथं जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या, थंडीसाठी. १९६६ मध्ये त्या भागातल्या बायकांनी सहकारी संस्था काढली. २००२ मध्ये गोधड्यांचं ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये प्रदर्शन झालं. २००६ मध्ये त्यांवर टपाल तिकिटं निघाली. आणि २००७ मध्ये तिथल्याच काही बायका कोर्टात गेल्या. गोधड्यांच्या नावावर झालेल्या कमाईतला आपला वाटा मिळाला नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

आपल्याकडंही वाकळ जोवर फुकट होती, तोवर ती शिवणारीची होती. कायदासुद्धा तिला हात लावत नव्हता. विकायला लागली की ती जिच्या हातची आहे तिच्याकडून सहज सुटते. फोटोखाली ब्रँडचं नाव असतं, बाईचं नसतं.

म्हणून या दिवाळीत घेणार असाल तर दोन गोष्टी बघा. एक, वस्तू उलटी करा. हाताचा धावदोरा दोन्ही बाजूंनी तुटक दिसतो, टाका आणि फट. मशीनची शिलाई सलग असते. मशीनचं असेल तर हरकत नाही, पण मग हाताची किंमत देऊ नका. दोन, विकणाऱ्याला विचारा, कोणी शिवलं आणि नगामागं त्यांना किती मिळाले. सहा फूट बाय एक फुटाच्या रनरला आपल्याच हिशेबानं साधारण सात हजार टाके पडतात, म्हणजे नुसत्या टाक्यांचे दोन तास. मिळालेला आकडा दोन तासांनी भागा. उत्तर तुमचं तुम्हाला कळेल.

आणि घरात वाकळ असेल, तर पुढच्या घटस्थापनेला ती धुवायला काढतील तेव्हा थोडा वेळ थांबा. कुठला तुकडा कुणाच्या कपड्याचा, ते आजीला विचारा, फोनवर रेकॉर्ड करा. तुमच्याकडं तिला काय म्हणतात, तेही व्हॉइस नोटमध्ये आम्हाला पाठवा. आम्ही एका भागात ते सगळे शब्द एकत्र ऐकवू. भेटू पुढच्या भागात.