57 लाखांचे 25 लाख कसे झाले?

2006 साली बातमी झळकली: एचआयव्हीबाधितांच्या संख्येत भारताने दक्षिण आफ्रिकेला मागे टाकले. यूएनएड्सने 2005 साठी भारतात 57 लाख बाधितांचा अंदाज दिला होता. सरकारच्या 'नॅको'चा आकडा 52 लाख होता. जुलै 2007 मध्ये तोच आकडा 25 लाखांवर आला. अर्धे लोक वर्षभरात बरे झाले काय? नाही, मोजणी बदलली. म्हणून आम्ही विचारतो, आधीची मोजणी कुणाच्या रक्तावर उभी होती?

भारतात हा विषाणू प्रथम 1986 साली मद्रासमध्ये, देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात सापडला. पुढे राज्यांकडून एड्स रुग्णांच्या नोंदी दिल्लीला जाऊ लागल्या. वीस वर्षांनंतरही त्या लाख-सव्वा लाखाच्या आसपासच होत्या. लागण झाल्यावर आजार दिसायला अनेक वर्षे जातात, खासगी डॉक्टर कळवत नाहीत, बदनामीच्या भीतीने माणूस तपासणी टाळतो. अशा नोंदींवरून देशाचा आकडा कसा काढणार?

म्हणून 1998 पासून दरवर्षी ठरावीक केंद्रांवर रक्ताचे नमुने तपासले जाऊ लागले. तिथे होत्या मुख्यतः सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर स्त्रिया आणि गुप्तरोगाचे रुग्ण. त्यांच्यातील प्रमाणावरून साऱ्या देशाचा हिशेब मांडला गेला.

आंध्रातील गुंटूर जिल्ह्यात संशोधकांनी थेट लोकवस्तीतील बारा हजारांहून अधिक लोकांचे रक्त तपासले. 2006 साली निष्कर्ष आला: सरकारी पद्धतीचा आकडा प्रत्यक्षाच्या दुपटीहून अधिक होता. कारणे नीट वाचा. सरकारी रुग्णालयात जास्त करून गरीबच जातात, आणि खासगी डॉक्टर संशयित रुग्णांना तिकडेच धाडतात. म्हणजे पैसेवाल्याचा आजार खासगी दवाखान्याच्या पडद्याआड राहिला आणि गरिबाचे रक्त देशाचा नमुना ठरले! या गरिबांत आपले दलित, आदिवासी, बहुजन किती असतात, हे सांगायला हवे काय?

2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात लाखभर लोकांचे रक्त तपासले गेले आणि प्रमाण 0.28 टक्के निघाले. त्यावरूनच आकडा सुधारला गेला. पण घरोघरच्या सर्वेक्षणालाही मर्यादा आहे. ज्याला घरच नाही, जो फुटपाथवर झोपतो, जी कुंटणखान्यात अडकली आहे, त्यांच्या दारात गणक जाणार कसा? सुधारित अंदाजात अशा जोखमीच्या गटांची भर वेगळी घालावी लागली.

बाबासाहेबांनी हा खेळ फार आधी ओळखला होता. 1932 साली लोथियन समितीपुढे काही प्रांतांतील पुढारी अस्पृश्यांची संख्या अगदी थोडी दाखवू पाहत होते. समितीचे सदस्य असलेल्या बाबासाहेबांनी त्याविरुद्ध स्वतंत्र टिपण लिहिले. संख्येवर हक्क ठरतात, हे ते जाणत होते.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. आकडा घटला म्हणून 2004 पासून सुरू झालेल्या मोफत औषधांचा हक्क घटत नाही. 25 लाख ही माणसेच आहेत. आणि पुढचा आकडा जाहीर होईल तेव्हा आधी विचारा: कुणाला मोजले, कुणाला वगळले?

जय भीम!